कोंबडीचा कंटाळा

हळद्यानं पहिली कोंबडी मारली तेव्हा तो आठ महिन्यांचा होता.

मे संपत आला होता. दुपारी तीनच्या सुमाराला मी ओसरीवर गहू निवडत बसले होते. उन्हानं सगळं गप्प. कोंबड्या सीताफळीच्या सावलीत मातीत लोळत होत्या आणि त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर हळद्या पडलेला. आरडाओरडा नाही, फडफड नाही. चहा टाकायला उठले तर हळद्या जागेवर नव्हता. गोठ्यामागे सापडला. पुढचे पाय जमिनीला टेकवलेले, मागचा भाग वर, शेपूट हलतंय. पिल्लू खेळायला बोलावतं ना, तसा. समोर तांबडी तलंग, तरुण कोंबडी, पडलेली. तो पंजानं तिला हलवायचा, मागे उडी घ्यायचा, पुन्हा वाकायचा. मला पाहून एकदा आनंदानं भुंकला.

मी तिला उचललं. रक्ताचा ठिपका नाही, दाताची खूण नाही. पिसं मात्र ओली, चिकट, अंगाला बसलेली, कुणी पाण्यात बुडवून काढल्यासारखी. मान एका बाजूला लोंबत होती. अंग अजून गरम होतं.

सासूबाई गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "खेळून खेळून मारली मेल्यानं," म्हणाल्या. मग जरा थांबून, "सोमवारीच पहिलं अंडं घातलं होतं तिनं."

आमचं शेत पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात. तीन एकर. निम्म्यात सीताफळ, उरलेल्यात बाजरी, आणि पाऊस बरा झाला तर वाटाणा. कोंबड्या सासूबाईंच्या. म्हणजे अगदी त्यांच्या. अंड्यांचे पैसे त्यांच्या डब्यात जातात आणि त्याचा हिशेब कुणी विचारायचा नाही. मी सासवडला शाळेत शिकवते, नवरा हडपसरला नोकरीला जातो. दिवसभर घरी त्या आणि त्यांच्या चाळीसेक गावरान कोंबड्या. अंडी उबवायची यंत्रं, पिंजरे, खाद्याची पोती असलं काही नाही. कोंबडी खुडूक झाली की तिला डालाखाली अंड्यांवर बसवायची, एकवीस दिवस वाट बघायची. दिवसा सगळ्या मोकळ्या, संध्याकाळी खुराड्यात.

हळद्या यायच्या आधीच्या पावसाळ्यानंतर दीड महिन्यात अकरा कोंबड्या गेल्या. कोण नेतं हे सासूबाईंना खुणांवरून कळतं. घार पिल्लू उचलते ती डोळ्यांदेखत. खोकड कोंबडी घेऊन जातं, मागे चार पिसं ठेवतं. मुंगूस कुंपणाच्या बुडातून येतं आणि त्याच वाटेनं परत जातं. रस्त्यावरची कुत्री चार मारतात, खात एकही नाहीत. बिबट्याचंही नाव अधूनमधून निघतं, पण बिबट्या आला तर तो कोंबडीसाठी थांबत नाही, कुत्रंच उचलतो. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

दर वर्षी दिवाळीनंतर एक धनगरवाडा आमच्याकडे उतरतो. फलटण-माणच्या बाजूनं निघून मावळ-मुळशीकडे चाललेला. दोन-तीन रात्री मेंढरं आमच्या रानात बसतात, रानाला खत मिळतं, त्याबदली आम्ही धान्य आणि थोडे पैसे देतो. हा व्यवहार सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा. तो वाडा चालताना बघावा. पुढे मेंढरं, मागे घोडी. घोडीच्या पाठीवर संसार: भांडी, वाकळी, वाघरीची जाळी, चालू न शकणारी कोकरं, आणि त्या सगळ्याच्या वर पाय बांधलेल्या चार-सहा कोंबड्या, प्रवासाला सरावलेल्या माणसांसारख्या इकडेतिकडे बघत बसलेल्या. तळ पडला की कोंबड्या मोकळ्या सुटतात. त्यांच्या भोवती कुत्री, कोकरं, पोरं. कुणी कुणाला काही करत नाही.

हे दृश्य मी लग्न झाल्यापासून बघते आहे. त्या वर्षी पहिल्यांदा त्यातलं कुत्रं बघितलं. एका कुत्रीच्या अंगावरून कोंबडी चालत गेली आणि कुत्रीनं कान सुद्धा हलवला नाही. तिची पिल्लं दोन महिन्यांची होती. वाड्यातल्या म्हाताऱ्या आजींनी पैसे घेतले नाहीत, पायलीभर बाजरी घेतली आणि पिवळट रंगाचा एक नर माझ्या पदरात टाकला. जेजुरी आमच्यापासून जवळ. खंडोबाच्या शेजारी कुत्रं असतंच. मुलीनं त्याचं नाव हळद्या ठेवलं. भंडाऱ्या ठेवणार होती, पण सासूबाई म्हणाल्या, देवाचं नाव घेऊन कुत्र्यावर ओरडायचं का?

पहिले पाच महिने सगळं इतकं सोपं गेलं की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. हळद्या कोंबड्यांत झोपायचा. पिल्लं त्याच्या शेपटीला चोच मारायची. शेजारचे अण्णा म्हणायचे, "वहिनी, तुम्ही पोरांना शिकवता तसं कुत्र्यालाही शिकवलंत." मी हसायचे आणि मनात म्हणायचे, खरंच की.

मी काहीच शिकवलं नव्हतं. ते सगळं तो वाड्यातून घेऊन आला होता. कुत्र्याच्या पिल्लाचं जग साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या दोन-अडीच महिन्यांत ठरतं. त्या काळात जे भोवती असतं ते आपलं. हळद्यानं डोळे उघडले तेव्हापासून कोंबड्या बघितल्या होत्या. पण कोंबडी आपली आहे हे कळणं आणि कोंबडीशी कसं वागायचं हे कळणं, या दोन गोष्टींत बराच रस्ता आहे. तांबडी तलंग त्याचीच होती. म्हणून तर तो तिच्याशी खेळायला गेला.

त्यानंतरचे आठ दिवस सल्ल्यांचे. अण्णा म्हणाले, मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधा, सडेपर्यंत तशीच ठेवा, पुन्हा तोंड लावायचा नाही. हा उपाय जगभर सांगितला जातो असं मला नंतर कळलं, आणि कुठेच उपयोगी पडत नाही. मेच्या उन्हात आठवडाभर सडकं मांस गळ्यात घेऊन फिरणाऱ्या जनावराला एवढंच कळतं की माणसं विचित्र आहेत. दुसरा सल्ला: चोप द्या. तिसरा, शाळेतल्या एका सहकाऱ्याचा: एकदा रक्ताची चटक लागली की संपलं, देऊन टाका कुणाला तरी. पण रक्त निघालंच नव्हतं. हे मी सगळ्यांना सांगत राहिले आणि कुणालाही ते महत्त्वाचं वाटलं नाही. नवऱ्यानं काही सल्ला दिला नाही, गोठ्याला जाळी मारून दिली. त्या आठवड्यातलं तेच एक शहाणपणाचं काम.

जूनच्या पहिल्या वळवाबरोबर वाडा परतीच्या वाटेवर आला. मी संध्याकाळी तळावर गेले. आजी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होत्या. मी सगळं सांगितलं, ओल्या पिसांसकट. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मास्तरीणबाई, त्येला दिसभर काम काय व्हतं?"

काम म्हणजे कोंबड्या राखायचं, मी म्हटलं.

"ते काम न्हवं. ते ऱ्हाणं." भाकरी उलटली. "आमचं कुत्रं सकाळधरनं चालतंय. रातीला मेंढरं वाघरीत घातली की भायेर पडतंय. त्येला कोंबडीकडं बघाया येळ कुठंय? आन बघितली तर काय बघायचं? जलमल्यापास्नं बघतंय. कंटाळा हाय त्येला कोंबडीचा."

मग आणखी एक वाक्य बोलल्या, जे मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले. "तुमी येकटंच नेलं. हितं त्येला दटावणारं कोन हाय?"

खरंच, कोण होतं? वाड्यात पिल्लू कोंबडीच्या मागे लागलं की त्याची आई गुरगुरते, मोठी कुत्री आडवं पाडते, मेंढी टक्कर देते. आमच्याकडे ते सगळं मी एकटीनं करायचं होतं, आणि मी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच शाळेत.

परत आल्यावर मी जुना, अर्धा कोरा हजेरीपट काढला आणि गोठ्यातून कासरा घेतला. सुट्टीचे पंधरा दिवस उरले होते. रोज संध्याकाळी साडेपाच ते सात, कोंबड्या आत जायच्या आधीचा वेळ, मी सीताफळीखाली पाट टाकून बसायचे. कासऱ्याचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं हळद्याच्या पट्ट्याला. त्याला बस, ऊठ, थांब असं काहीही सांगायचं नाही. फक्त बसायचं. कोंबड्या समोर.

कुत्र्याकडे दीड तास नुसतं बघत बसायची सवय आपल्याला नसते. पहिले तीन-चार दिवस मला सगळं सारखंच दिसायचं. मग त्याचं तोंड दिसायला लागलं. कोंबड्या चरत असल्या की तोंड उघडं, जीभ बाहेर, नजर कुठेही. एखादी कोंबडी अचानक धावली, दोन कोंबडे भिडले, कुणी पंख झाडले की आधी तोंड मिटायचं. जीभ आत. मग कान पुढे यायचे, मग अंग ताठ. कासऱ्याला ओढ बसायची ती सगळ्यात शेवटी. म्हणजे सगळा प्रकार मिटलेल्या तोंडापाशी सुरू होत होता आणि मी इतके दिवस ओढ बसायची वाट बघत होते. तोंड मिटलं की मी "ए" म्हणायचे, नुसतं, हळू, आणि त्याच्या नि कोंबडीच्या मध्ये उभी राहायचे. तोंड उघडून त्यानं दुसरीकडे बघितलं की सुक्या बोंबलाचा कणभर तुकडा. चिकनचा तुकडा कधीच नाही. ते एक पथ्य घरात सगळ्यांना घालून दिलं.

हजेरीपटावर मुलांच्या नावांच्या जागी मी प्रसंग लिहिले होते: चरणं, लोळणं, दाणे टाकल्यावरची झुंबड, भांडण, कोंबडी उडून कुंपणावर बसणं. पुढे रोजची नोंद, तो किती वेळ टक लावून बघतो. चरण्याकडे दुसऱ्या दिवसापासूनच लक्ष नव्हतं. झुंबडीला चाळीस सेकंद, पस्तीस, पुन्हा पन्नास. एकोणिसाव्या दिवशी, तोपर्यंत शाळा सुरू झाली होती, सासूबाईंनी बाजरी टाकली, चाळीस कोंबड्या एकमेकींच्या अंगावरून धावल्या, आणि हळद्यानं जांभई दिली. मोठी, आवाज करून. मी त्या चौकटीत 'जांभई' लिहिलं आणि खाली तारीख टाकली. एखाद्या पोराला पाढे पाठ झाल्यावरसुद्धा मी इतकी खूश झाले नव्हते.

खाण्याचं वेगळंच. त्याला ताकात कुस्करलेली बाजरीची भाकरी असते आणि कोंबड्यांना ती स्वतःच्या दाण्यापेक्षा जास्त आवडते. त्या सरळ त्याच्या ताटात घुसायच्या. कोंबडी तिची चूक नसताना मरायची सगळ्यात मोठी शक्यता तिथे आहे: कुत्रं आपल्या ताटावरून हाकलायला जातं, मेंढी असती तर एक धक्का खाऊन बाजूला झाली असती, कोंबडीची मान मोडते. तेव्हापासून हळद्याचं जेवण गोठ्यात, दार लावून. घरी कुणी नसेल तेव्हा तो आणि कोंबड्या यांच्यामध्ये नवऱ्यानं मारलेली जाळी. आणि रोज पहाटे नवरा त्याला घेऊन बंधाऱ्यापर्यंत जाऊन येतो, चार-पाच किलोमीटर. आजींच्या पहिल्या प्रश्नाचं तेवढंच उत्तर आम्हाला देता आलं.

मला यातलं काही आधीपासून ठाऊक होतं असं नाही. त्या पावसाळ्यात रात्री वाचत बसायची सवय लागली. अमेरिकेत सरकारी जमिनींवर शिकारी जनावरांना विष घालून मारायला १९७२ मध्ये बंदी आली आणि तिथल्या मेंढपाळांना युरोप-आशियातल्या राखणीच्या कुत्र्यांची आठवण झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्यानं अशी कुत्री वाढवून शेकडो शेतकऱ्यांना दिली आणि ती कशी वागतात हे वर्षानुवर्षं नोंदवलं. त्यांची एक मांडणी मला फार पटली. शिकार ही एक साखळी असते: नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यात पहिल्या तीन कड्या माणसानं घासून लखलखीत केल्या. राखणीच्या कुत्र्यात सगळ्याच मंद ठेवल्या. मंद, पण मोडलेल्या नाहीत. सहा-सात महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या वयात त्या खेळाच्या रूपानं वर येतात, आणि समोर पळणारं, फडफडणारं, ओरडणारं काही असेल तर पाठलागाची कडी सहज ओढली जाते. मेंढी उभी राहून बघते. कोंबडी पळते. म्हणून मेंढरांत गुणी ठरलेलं कुत्रं कोंबड्यांत नापास होऊ शकतं.

आजींना यातलं काहीच नवीन वाटलं नसतं. त्यांनी साखळी न म्हणता कंटाळा म्हटलं एवढंच.

याच वाचनात ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नंबूल गावाची गोष्ट सापडली आणि ती मी सासूबाईंना जेवताना सांगितली. गावाजवळच्या मिडल आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावर छोटे पेंग्विन राहायचे, शेकड्यांनी. ओहोटीच्या वेळी कोल्हे पाण्यातून चालत बेटावर जायचे. २००५ पर्यंत दहा पेंग्विनसुद्धा उरले नाहीत. तिथे स्वॉम्पी मार्श नावाचा एक शेतकरी होता, मोकळ्या कोंबड्या पाळणारा. त्याच्या कोंबड्या इटलीच्या मरेम्मा जातीची कुत्री राखायची. तो म्हणाला, कोंबडी राखतं ते कुत्रं पेंग्विन का नाही राखणार? २००६ मध्ये त्याची ऑडबॉल नावाची कुत्री बेटावर गेली. पेंग्विन हळूहळू परतले.

सासूबाईंनी पेंग्विन म्हणजे काय ते विचारलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "चालतो बदकासारखा. अंडी देतो का?"

आपल्याकडेही ही कुत्री काही कमी नाहीत. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे. त्याच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा असतो, बिबट्यानं मान धरू नये म्हणून. तो वाचून मी हळद्यासाठी सासवडच्या लोहाराकडून तसाच पट्टा करून घेतला. बिबट्या कुत्रं उचलतो ही गोष्ट तेव्हा कुठे डोक्यात शिरली. धनगरांच्या कुत्र्याला असं नाव नाही, कागद नाही. लसही नव्हती, पार्व्होची आणि रेबीजची मी पिल्लू आणल्या आणल्या पशुवैद्यांकडून वेळापत्रकाप्रमाणे करून घेतली.

सप्टेंबरात एकदा घसरलं. हळद्या वर्षाचा झाला होता, जाळीचं दार नीट लागलं नव्हतं, आणि काळ्या कोंबडीचं शेपूट गेलं. कोंबडी वाचली. शेपटाविना दोन महिने फिरली, सासूबाई तिला बोडकी म्हणायच्या. मी हजेरीपट पुन्हा काढला.

पण त्याला खरं दटावलं ते माझ्या "ए"नं नाही. दिवाळीच्या सुमाराला एक पांढरट ठिपक्यांची कोंबडी नऊ पिल्लं घेऊन डालाखालून बाहेर पडली. हळद्या कासऱ्यावर, मी पाटावर. एक पिल्लू भरकटत त्याच्या पंजापर्यंत आलं. त्यानं वास घ्यायला नाक खाली केलं, तोंड मिटलेलं. मी "ए" म्हणणार एवढ्यात कोंबडी आली. चालत नाही, उडतही नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी. पिसं फुलून तिची दुप्पट झाली होती. तिनं सरळ त्याच्या नाकावर, ओल्या काळ्या भागावर, चोच मारली, मग नख्यांनी डोळ्यांच्या मधे. सव्वा-दीड किलोची कोंबडी आणि तीस किलोचं कुत्रं. हळद्या मागे सरताना कासऱ्यात अडकून माझ्यावर पडला. चहा माझ्या मांडीवर. त्याच्या नाकावर रक्ताचा एक थेंब होता आणि चेहऱ्यावर असा भाव, की हे सांगायचं राहिलं होतं का कुणी? त्यानंतर पिल्लं जवळ आली की तो उठून लांब जाऊन बसायला लागला. आजही बसतो.

दीड वर्षाचा झाल्यावर, मार्चात, मी कासरा गोठ्यात टांगला.

तेव्हापासून बघायला मिळालं ते मी शिकवलेलं नव्हतं. आमच्या मोठ्या कोंबड्याच्या दोन हाका आहेत. कोंबडे पाळणाऱ्या कुणालाही त्या ठाऊक असतात, पण मी कधी कान देऊन ऐकल्या नव्हत्या. जमिनीवर काही दिसलं, साप, मुंगूस, परकं कुत्रं, तर मान उंच करून तुटक, खणखणीत कॉक-कॉक-कॉक चालू होतं आणि सगळ्या कोंबड्या मान वर काढून तिकडे बघतात. आकाशात घार दिसली की मात्र तो मान तिरकी करून एका डोळ्यानं वर बघतो आणि बारीक, लांबलेला, शिट्टीसारखा आवाज काढतो. कोंबड्या झुडपाखाली पळतात. हळद्यानं या दोन हाका वेगळ्या केल्या. शिट्टी झाली की तो आवाराच्या मधोमध येऊन आभाळाकडे भुंकतो, घार त्याला दिसत असो वा नसो. कॉक-कॉक झालं की कोंबडा जिकडे बघतोय तिकडच्या कुंपणाकडे जातो. तो घारीला काही करू शकत नाही. मुंगसालाही त्यानं कधी पकडलेलं नाही. तो फक्त मधे जाऊन उभा राहतो आणि मोठ्यानं सांगतो की मी इथे आहे. त्या वर्षभरात दोन पिल्लं गेली, दोन्ही घारीनं. एवढंच.

दोन गोष्टी मात्र लपवत नाही.

एक म्हणजे नवऱ्यानं हौसेनं वनराज या सुधारित जातीच्या पाच तलंगा आणल्या, तयार, तीन महिन्यांच्या. हळद्यानं त्यांना मुंगसाच्या रांगेत टाकलं. त्याच्या दृष्टीनं कोंबडी ही जात आपली नव्हती, या चाळीस आपल्या होत्या. बाहेरून आलेल्या पाच जणी परक्या. पहिल्या दिवशी त्यानं त्यांना कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडून धरलं, दात न लावता. कासरा पुन्हा खाली उतरला, तीन आठवडे.

दुसरी गोष्ट त्याच उन्हाळ्यातली. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली. लस द्यायला आम्ही उशीर केला होता, दोष आमचाच. माना पिळवटून, हिरवी हगवण होऊन पाच दिवसांत चौदा कोंबड्या गेल्या. आम्ही खोल खड्डा करून चुना टाकून पुरत होतो. एक कोंबडी बांधाकडेच्या घाणेरीत मरून पडलेली आम्हाला सापडली नव्हती. हळद्याला सापडली. मी पोचले तेव्हा अर्धी खाल्लेली होती. ती बोडकी होती. शेपटाची नवी पिसं केव्हाच आली होती. तो माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता, तांबडीच्या वेळी हलवत होता तसंच. मी मटकन खाली बसले. त्याच्या लेखी चालती-फिरती ती आपली होती, मेल्यावर ते खाद्य होतं. त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं आणि मला नेमकं काय विसंगत वाटतंय हे शब्दांत सांगता येईना. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय, तेराव्याला जेवायचं का त्यानं?"

पुढच्या महिन्यात आषाढ लागला. आमच्याकडे आखाड म्हणजे आखाड. श्रावण सुरू व्हायच्या आत पाहुणे येतात, भाचे येतात, नवऱ्याचे मित्र येतात, आणि वर्षभर राखलेल्या कोंबड्यांतले फाजील कोंबडे एकेक करून संपतात. दिवसा कोंबडा धरायचा म्हणजे आवारभर धावाधाव, म्हणून सासूबाई आदल्या संध्याकाळी धरतात. कापायचं काम घरामागे, हळद्याला गोठ्यात बंद करून. आतडी-पिसं लांब पुरून. हे माझं पथ्य त्यांनी कुरकुरत का होईना पाळलं आहे.

त्या दिवशी अंधारून आलं होतं, पाऊस नुकता थांबलेला. मी ओसरीवर होते. हळद्या खुराड्यापासून चार पावलांवर, पाठ कोंबड्यांकडे, तोंड रस्त्याकडे, रोजच्या जागी. सासूबाई पदर खोचून आल्या, खुराड्याचं दार सरकवलं, आत हात घातला. आतून फडफड झाली आणि मोठा कोंबडा ओरडायला लागला. कॉक-कॉक-कॉक, तुटक, खणखणीत. जमिनीवरची हाक.

हळद्या झटक्यात उठला. तोंड मिटलं, कान पुढे आले. वळून त्यानं खुराड्याकडे बघितलं. सासूबाई एका हातात कोंबड्याचे पाय धरून दार लावत होत्या, कोंबडा उलटा लोंबत पंख झाडत होता. हळद्यानं दोन पावलं पुढे येऊन त्यांच्या लुगड्याचा वास घेतला. मग जीभ बाहेर काढली, जांभई दिली आणि रस्त्याकडे तोंड करून पुन्हा बसला.